तिफणीचे तीन फण

(नागपूर येथे शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही खेड्यातले शाळामास्तर. मराठीतूनच शिकलो, मराठीतूनच शिकवावयास शिकलो. आमचा सारा व्यवहार फळा, खडू आणि हजेरीपट यांच्याशी. तेव्हा मोठ्या विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही, याची आपण आधीच समजूत करून घ्यावी. परंतु खेड्यात राहिल्याने एक गोष्ट मात्र आमच्या कानांवर रोज पडते. लोक म्हणतात, "मास्तरीणबाईने पोरे शिकवावी, तिला राजकारण कशाला?" दुसरे म्हणतात, "पोरीला सही आली म्हणजे पुष्कळ झाले, वर्तमानपत्र वाचून तिला काय करावयाचे आहे?" असे बोलणारे लोक दुष्ट नसतात. आपल्यातलेच असतात, पोरीबाळींचे बरे चिंतणारे असतात. म्हणूनच त्यांस रागाने नव्हे, तर उदाहरणाने उत्तर दिले पाहिजे, आणि ते उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. ते या नागपूर शहरातच आहे. त्या बाईचे नाव जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म 1892 सालचा, उमरेडचा, महार जातीतला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडीलधाऱ्यांनी 1896 च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकविल्या असतील. त्या सालात मध्यप्रांतातील गावेच्या गावे पोटासाठी बाहेर पडली. जाईबाईंचे कुटुंबही त्याच लोंढ्यात उमरेड सोडून नागपुरास आले. पोर चार वर्षांची होती. 1901 साली, म्हणजे नवव्या वर्षी, तिचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव बापूजी चौधरी. घरी दारिद्र्य एवढे की बाई हमाली करू लागली. नागपूरचे सामान डोकीवर घ्यावयाचे आणि कामठीपर्यंत पोचवावयाचे. नागपूर ते कामठी हा रस्ता दहा मैलांच्या आसपासचा. ज्या आयाबहिणींनी डोकीवर कडब्याची पेंढी किंवा सरपणाचा भारा वाहिला आहे, त्यांना दहा मैल म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको.

या हमाल बाईवर ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची नजर गेली. त्यांनी तिला लिहिणेवाचणे शिकण्याची वाट करून दिली व पुढे मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेची जागा दिली. डोकीवरचा बोजा उतरला आणि हातात खडू आला. पण तो खडू फार दिवस टिकला नाही. आपल्या मुलांना शिकविणारी बाई अस्पृश्य आहे असे कळताच हिंदू पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली, आणि जाईबाईंची नोकरी गेली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. अशी गोष्ट सांगितली म्हणजे आपल्यातील पुष्कळजण लगेच भटशाहीच्या नावाने बोटे मोडतात. ती मोडण्यास कारणेही आहेत. परंतु ज्या पालकांनी मुले काढून घेतली, ते सगळे भटजी आणि शेठजीच होते काय? त्यांत कुणब्याचे, माळ्याचे, तेल्याचे, सुताराचे घर एकही नव्हते, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आमच्यावर वरच्याने केलेला अन्याय आम्हांस पाठ असतो, पण खालच्यावर आमच्या हातून झालेला अन्याय आम्ही दुसऱ्या पानावर लिहितो आणि ते पान उलटीत नाही. जाईबाईंच्या चरित्राचा पहिला धडा हा आहे.

दुसरा धडा त्यांनी पुढे काय केले यात आहे. नोकरी गेल्यावर त्या पुन्हा डोकीवर सामान घेऊन कामठीच्या रस्त्याला लागल्या असत्या, तर त्यांस कोणी नाव ठेविले नसते. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्याची शाळा आपणांस ठेवीत नाही, तर आपण स्वतःची काढावी, असे त्यांनी ठरविले, आणि 1922 साली नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा उघडली. 1921 च्या खानेसुमारीप्रमाणे साऱ्या हिंदुस्थानात शंभर बायकांत दोन देखील लिहिणेवाचणे जाणणाऱ्या नव्हत्या. वरच्या जातींच्या बायका धरून ही गत, मग ज्यांना विहिरीवर घागर बुडवू देत नव्हते, त्यांच्या पोरींची गत काय असेल? अशा काळी एका हमाल बाईने आपल्या वस्तीतल्या पोरींसाठी शाळा काढली. आम्ही स्वतः शिक्षक असल्याने जाणतो की शाळा काढणे हे भिंती उभारण्याचे काम नव्हे. सकाळी घरोघर जाऊन पोर मागून आणावी लागते. आई म्हणते, धाकट्याला कोण सांभाळील? बाप म्हणतो, रोजी बुडते. त्या दोघांची समजूत घालून पोर फळ्यासमोर बसवावी, तेव्हा कोठे शाळा भरते.

बंधूंनो, शाळा ही झाली एक बाजू. आता आम्ही वर्तमानपत्राकडे वळतो, कारण वाचता येऊ लागल्यावर वाचावयाचे काय, हा प्रश्न येतोच.

आपल्या महाराष्ट्रात शाळा आणि छापखाना यांची सोयरीक फार जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. त्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे नावाची मांग जातीची एक मुलगी होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो 1855 साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. शाळा निघून सात वर्षे होतात तोच शाळेतली पोर वर्तमानपत्रात बोलू लागली. अक्षर हातात आले की माणूस आपले दुःख दुसऱ्याकडून सांगवीत नाही, स्वतः सांगतो.

पुढे आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापविले. सगळे दोष बायकांच्या माथी मारणाऱ्या पुरुषांना त्यांनी उलट जाब विचारला. त्या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. त्यावर इतका गदारोळ झाला की आपल्या चळवळीतलेही काही लोक बिचकले, परंतु जोतीराव ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. एका बाईने एकदा खरे बोलावे आणि चहूकडून ओरड होऊन तिने गप्प बसावे, यात नुकसान तिचे होते की समाजाचे, याचा विचार आपण करावा.

तिसरे नाव तानूबाई बिर्जे यांचे. हे नाव आपल्या घरोघर असावयास हवे होते, पण नाही. तानूबाईंचा जन्म 1876 साली पुण्यात झाला. वडील देवराव ठोसर सत्यशोधक होते. 1893 साली वासुदेवराव बिर्जे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. वासुदेवराव हे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी ग्रंथपाल होते. आता 'दीनबंधु' पत्राची हकीकत थोडक्यात सांगतो. 1877 च्या पहिल्या दिवशी कृष्णराव भालेकर यांनी ते पुण्यात सुरू केले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस चालविले. लोखंडे हे गिरणी मजुरांचे पुढारी. 1897 साली प्लेगात त्यांचा अंत झाला. तेव्हा वासुदेवरावांनी बडोद्याची नोकरी सोडली आणि 'दीनबंधु' हाती घेतला. 1906 साली तेही प्लेगाला बळी पडले.

आता पाहा. धनी गेला, डोक्यावर पत्राचा भार, आणि वय जेमतेम तिशीचे. चालीरीतीप्रमाणे तानूबाईंनी कोपऱ्यात बसावे, दिवस काढावे. त्या बाईने संपादकाची जागा घेतली आणि पुढे सहा वर्षांच्या आसपास 'दीनबंधु' चालविला. वर्तमानपत्र चालविणे म्हणजे नुसता अग्रलेख लिहिणे नव्हे. दर आठवड्यास मजकूर जुळवावयाचा, तपासावयाचा, कागदवाल्याचे पैसे चुकवावयाचे, वर्गणीदारास पत्र धाडून थकलेली वर्गणी मागावयाची, अंक टपालात टाकावयाचा, आणि तो टाकून होतो न होतो तोच पुढल्या अंकाची तयारी. शेतकऱ्यास वर्षातून एकदा पेरणी असते, संपादकास दर आठवड्यास. ज्या काळी बाईने पुरुषाच्या सभेत बसणे हीच नवलाई होती, त्या काळी शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या पत्राची लेखणी एका बाईच्या हाती होती. ज्यांना वाटते की राजकारण बाईला कळत नाही, त्यांनी सांगावे की या वर्षांत कष्टकऱ्यांची बाजू त्या पत्रात मांडीत होते कोण?

नागपूरही या कामात मागे नव्हते. मोहप्याचे किसन फागू बनसोडे यांनी येथे छापखाना चालविला. 1910 साली 'निराश्रित हिंद नागरिक', 1913 साली 'विटाळ विध्वंसक', 1918 साली 'मजूर पत्रिका' अशी पत्रे त्यांनी काढली. त्यांच्या पत्नी तुळसाबाई छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम करीत. शिशाचा एकेक खिळा पेटीतून उचलून ओळीत लावावयाचा, तोही उलट्या अक्षरांत! पानावर नाव छापून येते ते लिहिणाऱ्याचे, पण ते पान ज्या बोटांनी जुळविले त्या बोटांची आठवण कोणी ठेवीत नाही. आज आम्ही ती मुद्दाम करीत आहोत.

येथवर शाळा झाली, वर्तमानपत्र झाले. आता राजकारण.

कोणी म्हणेल, हे सगळे आपल्याकडचेच खूळ आहे, सुधारलेल्या देशांत असे प्रश्न नसतील. तेव्हा फ्रान्स देशातली एक हकीकत ऐका. पुण्यात फुल्यांनी शाळा काढली त्याच 1848 साली फ्रान्सात राज्यक्रांती झाली, राजा पळाला, आणि सर्व प्रौढ पुरुषांस मत मिळाले. बायकांस मात्र मिळाले नाही. पॅरिस शहरात झान दरवँ नावाची एक बाई होती. शिवणकाम करून पोट भरणारी, पुढे आपल्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेली. तिने बायकांसाठी पत्र काढले. त्याच्या नावात 'राजकारण' हा शब्द होता. पण बायकांना राजकारणाची बंदी झाल्यामुळे तो शब्द सोडून 'स्त्रियांचे मत' असे नाव घ्यावे लागले. बाईने मग काय केले? 1849 साली ती सरळ निवडणुकीस उभी राहिली! मत देण्याचा हक्क नाही, मग निवडून येण्याचा कोठला? पण प्रश्न तर चव्हाट्यावर आला. गरिबांचे कैवारी म्हणविणाऱ्या प्रूधोंसारख्या मोठ्या लेखकानेही तिची टर उडविली. 1850 साली, कामगारांच्या संस्था एकत्र जोडण्याचा उद्योग केला म्हणून, सरकारने तिला पोलीन रोलाँ या दुसऱ्या शिक्षिकेसह पकडले आणि सहा महिने तुरुंगात घातले. तेथूनही या दोघींनी अमेरिकेतल्या बायकांच्या परिषदेस पत्र धाडले. पुढे दरवँबाईंस देश सोडून लंडनला जावे लागले, आणि 1894 साली त्या तेथेच वारल्या. फ्रान्समधील बायकांनी पहिल्याने मत दिले ते 1945 साली. म्हणजे त्या निवडणुकीस उभ्या राहिल्या त्याला शहाण्णव वर्षे होऊन गेली होती.

या हकीकतीवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, शिकविणारी बाई राजकारणात येते ती हौसेने नव्हे. ती वर्गात जे दुःख रोज पाहते त्याचे मूळ वर्गाबाहेर असते, म्हणून तिला बाहेर पडावे लागते. दुसरी, तिला अडविणारे नेहमी शत्रूच असतात असे नाही, पुष्कळदा घरचेच असतात.

जाईबाईंचेही असेच झाले. 1930 सालच्या ऑगस्टात नागपुरास अस्पृश्यवर्गाची परिषद भरली, त्या वेळी स्त्रियांचीही परिषद झाली. तेथे जाईबाई मुलींच्या शिक्षणासाठी बोलल्या. पुढे 1937 साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. देशभरच्या शिकल्यासवरल्या बायका आल्या होत्या. स्त्रियांचे हक्क, स्त्रियांची उन्नती यांवर भाषणे झाली. आणि जेवणाची वेळ आली तेव्हा जाईबाई व त्यांच्या बरोबरीच्या बायकांस पंगतीत वेगळे बसविण्यात आले! व्यासपीठावर सगळ्या बहिणी, आणि पानावर मात्र परक्या. ज्या बाईने चार रुपयांच्या नोकरीत हा अनुभव घेतला होता, तिला पुढे स्त्रीहक्काच्या मांडवातही तोच अनुभव आला. मुकाट्याने घरी जाणे सोपे होते. पण 1 जानेवारी 1938 रोजी नागपुरातल्या दलित स्त्रियांनी सभा भरवून या अपमानाचा जाहीर निषेध केला. जाईबाई त्यांत पुढे होत्या.

आम्ही विचारतो, हे राजकारण नव्हे तर काय? मत देणे, निवडून येणे एवढेच राजकारण नसते. पंगतीत कोणी कोठे बसावे हे कोण ठरवितो, विहिरीवर आधी घागर कोणाची, शाळेत शिकवावे कोणी, मजुरी किती, हे सगळे राजकारणच आहे. या नागपुरातच 20 जुलै 1942 रोजी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची मोठी परिषद झाली. हजारो बायका आल्या होत्या. त्यांनी कसले ठराव केले? बाईला काडीमोडीचा हक्क असावा, एकीवर दुसरी करण्यास बंदी असावी, गिरणीत काम करणाऱ्या बायकांना पगारी रजा व म्हातारपणी पेन्शन असावे, मुलींसाठी वसतिगृहे असावी, कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत बायकांस जागा असाव्या. हे ठराव आजच्या दिवशीही वाचावे असे आहेत. जाईबाईंनी उघडली तशा शाळांतून ज्या पोरी अक्षर शिकल्या, त्यांच्या पिढीने हे मागणे मागितले.

आता आम्ही शेताच्या भाषेत सांगतो. आपण पेरणीला तिफण धरतो. तिफणीला तीन फण, तीन नळ्या, आणि वर एक चाडे. त्या चाड्यावर मूठ पुष्कळ वेळा बाईचीच असते, तीच बी सोडीत तिफणीमागे चालते. एक नळी तुंबली तर दोन तासांत पीक उगवते आणि तिसरे तास रिकामे राहते. समाजाच्या तिफणीचे तीन फण म्हणजे शाळा, वर्तमानपत्र आणि सभा. नुसती शाळा असली आणि वाचावयास पत्र नसले, तर शिकलेले विसरते. पत्र असले आणि सभेत तोंड उघडण्याची छाती नसली, तर वाचलेले पोटात कुजते. आणि शाळेवाचून सभा भरविली तर दुसरा सांगेल त्यास माना डोलाविण्यापलीकडे आपल्या हातून काही होत नाही. शेतात चाड्यावर बाईची मूठ आपणांस चालते, मग येथे का चालू नये?

शेवटी चार गोष्टी मागतो, आणि त्या पैशाच्या नाहीत.

पहिली. कापूस फुटला की आमच्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. मुलांच्या नावापुढे तितक्या पडत नाहीत. वेचणीचे दिवस मोलाचे हे आम्ही जाणतो, शेतकऱ्याच्या घरीच आम्ही वाढलो. परंतु दोन महिने बुडालेली पोर वर्गात परत येते तेव्हा तिच्या बरोबरीच्या पुढे गेलेल्या असतात, ती लाजते, आणि पुढल्या वर्षी येतच नाही. वेचणीची मजुरी दोन दिवसांत संपते, पण सुटलेली शाळा जन्मभर सुटते. घरातले काम पोरगा व पोरगी यांत सारखे वाटा, म्हणजे दोघांचीही शाळा राहील.

दुसरी. संध्याकाळी घरातल्या मुलीकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचवून घ्या. तिची आजी, आई, बाप सगळ्यांनी ऐकावे. कापसाचा भाव असो, कायदा असो, परमुलखाची बातमी असो. पोर वाचील आणि घर शिकेल.

तिसरी. आज महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखून आहेत. 2011 सालापासून हा कायदा आहे. पण गावोगाव आपण काय पाहतो? सरपंच बाई, आणि खुर्चीवर नवरा. ठरावाच्या वहीवर सही बाईची, आणि मजकूर तिने वाचलेलाही नाही. दरवँबाई ज्या जागेसाठी झगडल्या, ती जागा आपल्या बाईस घरबसल्या मिळाली, आणि आपण ती तिच्या हातून काढून घेतो! ज्या घरात अशी सरपंच असेल त्या घरच्या पुरुषाने एवढेच करावे, की सभेच्या दिवशी शेतावर जावे. आणि बहिणींनो, तुम्ही एवढे करावे, की वाचल्याखेरीज सही करू नये. वाचता येत नसेल तर आपल्या शाळेतल्या मुलीला बोलावून वाचवून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट सर्वांत लहान, पण सर्वांत अवघड. पुढले लग्न, पुढले बारसे, पुढला सप्ताह ज्याच्या घरी असेल त्याने पंगत मांडताना जाईबाईंची आठवण करावी. पान कोणाचे कोठे मांडता, यावरून तुमची सुधारणा कळेल. भाषणावरून, आमच्याही, ती कळणार नाही.

जाईबाईंपाशी पैसा नव्हता, घराणे नव्हते, जातीचा मान नव्हता. एक खडू होता, तोही एकदा हातातून काढून घेतला गेला. तो त्यांनी पुन्हा उचलला. आपल्या गावात असा खडू उचलणारी एखादी पोर आज कोठेतरी कापूस वेचीत असेल. तिला परत वर्गात आणून बसविणे एवढे तरी आपल्या हाती आहे.